कोरी ओळ

“…दोन्हीकडच्या मशीननी ‘ओके’ छापलं, तरी दोष माझाच का, बुवा?”

सुधांशूनं तापीकाठच्या मठात पाऊल टाकलं ते हाच प्रश्न घेऊन. चपला काढायचंही भान नव्हतं.

निवृत्तीबुवा ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. मठात येण्याआधी तीस वर्षं तारमास्तर होते ते. तारेतला आकडा नीट पोचावा म्हणून शेवटी पुन्हा एकदा पाठवायचा, ही तिथली रीत. ती बुवांच्या जिभेवर जी बसली ती बसलीच. प्रत्येक गोष्ट दोनदा. गाव हसायचं. मठात शिकायला राहिलेला सुधांशू तर वैतागायचा. “एकदा ऐकलेलं मला पुरतं, बुवा,” असं तोंडावर सुनावून तो निघून गेला आणि मोठा इंजिनीयर झाला.

“पाणी घे. पाणी घे.”

“नको.”

“काय झालं? काय झालं?”

“इंटरनेटवरून फॅक्स जातो ना, तेव्हा कागदाचे तुकडे होतात. एखादा वाटेत हरवतो. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत मागच्याची नक्कल पाठवतात. मी नकला बंद केल्या. अर्धी लाइन मोकळी झाली. सगळ्यांनी पाठ थोपटली माझी…”

“मग? मग?”

“तालुक्याच्या दवाखान्यात एका बाळंतिणीची चिठ्ठी गेली. मधली एक ओळ कोरी आली. कुणाच्या लक्षातच आलं नाही.”

“कुठली ओळ? कुठली ओळ?”

“हिला पेनिसिलिन चालत नाही…”

इंजेक्शन दिलं गेलं होतं. बाळ आता आजीकडे होतं.

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“नाव काय तिचं? नाव काय?”

“जमना वळवी.”

बुवांनी कानामागे हात धरला. “पुन्हा सांग. पुन्हा सांग.”

“जमना वळवी.”

हात तसाच.

“जमना… वळवी.”

सुधांशू तेच नाव पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सुपात चिमण्या उतरल्या, तांदूळ टिपू लागल्या. बुवांनी त्यांना हाकललं नाही.

शेवटी तो ओट्याच्या पायरीवर बसला.

“किती वेळा सांगू, बुवा? ती तर गेली…”

बुवांचा हात कानाशीच होता.

“पोचेपर्यंत.”