सुरकुतलेला दाणा

“मग एकाच बिघाडाबद्दल एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला शिक्षा, हे कसं?”

प्रश्न टाकून डॉ. प्रफुल्ल इंगवले यांनी आक्कांपुढे घोंगडीवर दोन वाळके वाटाणे ठेवले. एक गोल, टपोरा. दुसरा सुरकुतलेला.

आक्का या पुरंदरच्या डोंगराखाली एकटी राहणारी बैरागीण. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात एकही दात नाही. इंगवले वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर. नाव मोठं, आणि ते मोठं आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“मला पूर्वकर्म वगैरे सांगू नका, आक्का. बिघाडाचं कारण मला माहीत आहे.”

“मग सांग की.”

इंगवल्यांनी सांगितलं. माणूस विद्वान, दुःखसुद्धा मुद्देसूद मांडत होता. पानात साखर तयार होते, ती दाण्यात येते. एक एन्झाइम तिचे कण एकापुढे एक ओवून लांब साखळी करतं. दुसरं एन्झाइम त्या साखळीला फांद्या फोडतं. फांद्या फुटल्या की भरपूर स्टार्च साठतो, दाणा गच्च भरतो. हे दुसरं एन्झाइम बिघडलं तर स्टार्च कमी पडतो, साखर मागे राहते. वाळताना दाणा आक्रसतो, पण लागतो गोड.

“त्या सुरकुतलेल्या दाण्यावरून मी नवं वाण काढलं. सुवर्णपदक मिळालं.”

“बरं.”

“माणसाच्या यकृतातही साखर अशाच साखळ्या करून साठते. तिथंही फांद्या फोडणारं एन्झाइम लागतं. माझ्या मुलीत ते बिघडलंय. नुसत्या लांब साखळ्या साचून यकृत दगड झालंय. दवाखान्यात म्हणतात, दिवाळी दिसणार नाही.”



“केवढी आहे?”

“तीन वर्षांची.”

“नाव?”

“शाल्मली.”

“काल काय खाल्लं तिनं?”

“…तिच्या आईला माहीत असेल. मी वाचत असतो. या महिन्यात एकशे चाळीस शोधनिबंध वाचले.”

“आज सकाळी हसली का?”



हे सांगायचं तर लेकीच्या खोलीत जावं लागतं. इंगवले अठरा दिवस तिथं गेले नव्हते. त्यांना भीती वाटत होती. साधी, पोरकट भीती, आणि ती त्यांनी बायकोपाशीही कबूल केली नव्हती.

आक्कांनी सुरकुतलेला वाटाणा उचलला, पदराला पुसला आणि बोळक्या तोंडात टाकला. डोळे मिटून घोळवत राहिल्या.

“गोड आहे रे. पदक खरं तुझं.”

“आक्का, मी विचारलं होतं…”

“एक दाणा आक्रसला, एवढंच ना? दुसरा पेर.”

इंगवले ताडकन उठले. उरलेला वाटाणा त्यांच्या पायाखाली आला, ते त्यांना कळलंही नाही.

“वाटाणा नाही ती! लेक आहे माझी! मरतेय ती, आक्का… मरतेय!”

हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. एवढा मोठा माणूस तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागला.

आक्कांनी त्यांना रडू दिलं. मग शांतपणे विचारलं,

“आणि तिचा बाप कुठं आहे?”