बॅटरी कुणी संपवली

"आणि समज, त्यानं बॅटरी बदलली नसेल तर?" शिवगीर बाबांनी विचारलं.

"त्यानंच बदलली आहे," इंद्रजित म्हणाला.

मठाच्या पायऱ्यांना त्याची इलेक्ट्रिक माउंटन बाइक टेकवलेली होती. हँडलवरचा छोटा पडदा काळा पडला होता. शेवटची दोन वळणं इंद्रजितनं ती ढकलत आणली होती. मोटार चालू असेल तर ती सायकल चढावर हरणासारखी पळते, बंद पडली की नुसतं लोखंड. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाक्याशी, त्याचा मेहुणा दौलत बसला होता. तो केव्हाच वर पोचला होता. त्याच्या सायकलीचा पडदा अजून उजळत होता.

इंद्रजितनं आवाज खाली आणला.

"बाबा, दोन्ही सायकली एकाच कंपनीच्या. एकाच दिवशी घेतलेल्या. बॅटऱ्या सारख्या. रात्री दोन्ही पूर्ण चार्ज होतात. माझी वाटेत मरते. त्याची उरते."

इंद्रजित शेडगे कॉलेजात असल्यापासून या मठात येत होता. अनुग्रह बाबांचाच. पुढं तो इंजिनिअर झाला, पुण्यात मोठ्या कंपनीत राहिला आणि नोकरी सोडून खाली सोनघळला परतला. दौलतला भागीदार करून त्यानं या सायकली आणल्या. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना जंगलवाटेनं वर सड्याच्या पठारावर घेऊन जायचं, असा त्यांचा धंदा. गावात त्याच्याइतकं या यंत्रातलं कुणाला कळत नाही, हे तो स्वतःच सांगत असे.

"बॅटरी कशानं लवकर संपते?" बाबांनी विचारलं.

इंद्रजितचा चेहरा जरा खुलला.

"चढानं. वजनानं. समोरून वारा असेल तर. थंडी असेल तर. टायरमध्ये हवा कमी असेल, वाटेत चिखल असेल तर. आणि मोटारची मदत किती घेता, त्यावर. इकोवर चालवली तर दिवसभर पुरते. टर्बोवर टाकली की बघता बघता उतरते."

"मग तुझ्या बाबतीत यातलं काय झालं?"

"काहीच नाही. चढ तोच, वारा तोच. वजनानं आम्ही सारखेच. हवा मी स्वतः भरतो. त्याला हात लावू देत नाही."

"मग उरलं काय?"

"माणूस."

खालून धुकं वर सरकत होतं. टाक्यापलीकडची झाडं दिसेनाशी झाली.

"मी बॅटरीच्या बुडाला खिळ्यानं खूण केली होती," इंद्रजित म्हणाला. "बदलली तर कळावी म्हणून."

"खूण गेली?"

"आहे."

"मग?"

"खूण दुसरीवरही करता येते."

"बरं."

"गेल्या आठवड्यात मी आयत्या वेळी त्याची बॅटरी माझ्या सायकलीला लावली. माझी त्याला दिली. तरी माझीच संपली."

"मग?"

"मी बदलणार, हे त्याला आधीच कळलं असणार. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याशी त्याचं सारखं फोनवर बोलणं चालतं. मी जवळ गेलो की फोन बंद."

"वैजयंता काय म्हणते?"

बायकोचं नाव निघताच इंद्रजितनं नजर खाली केली.

"आज सकाळी तिला सांगितलं. धंद्यात एक तर तुझा भाऊ राहील, नाहीतर मी."

"मग?"

"भाकरी थापत होती... थापतच राहिली."

बाबा उठले. त्यांनी दौलतला हाक मारली.

"तुझी बॅटरी काढ. याच्या सायकलीला लाव."

दौलतनं इंद्रजितकडं पाहिलं. मग गुमान किल्ली फिरवून आपली बॅटरी काढली आणि इंद्रजितची संपलेली बाजूला ठेवून तिच्या जागी बसवली. इंद्रजित वाकून त्याचे हात बघत होता. खटका बसल्याचा आवाज आला. पडदा उजळला. चार्जच्या पाचपैकी तीन काड्या होत्या.

"तू इथंच बस," बाबा दौलतला म्हणाले. "आम्ही खाली झऱ्यापर्यंत जाऊन येतो. हा सायकलीवर, मी मागून चालत."

झरा घाटाच्या मध्यावर होता. उतरताना काडी हलली नाही. झऱ्याशी पोचून इंद्रजित बाबांची वाट बघत थांबला. बाबा आले, ओंजळभर पाणी प्याले, उजवा हात कफनीत घातला आणि म्हणाले, "चल."

इंद्रजित इकोवर निघाला. सायकल संथ चढू लागली.

पहिल्या वळणावर त्यानं मागं पाहिलं. बाबा येत होते. हात कफनीतच.

थोडं पुढं जाऊन त्यानं पुन्हा पाहिलं. हात बाहेर का काढत नाहीत?

पुढच्या वळणावर बाबा दिसले नाहीत. तो थांबला. धुक्यात पावलं वाजत होती, माणूस दिसत नव्हता. दौलतला वर एकटं का ठेवलं? आपली मूळ बॅटरी वरच राहिली होती... बाबा धुक्यातून बाहेर आले आणि उभे राहिले.

उभ्या चढावर थांबलेली सायकल नुसत्या पायानं निघेना. त्यानं टर्बो दाबला. मोटार गुरगुरली, मागच्या चाकाखालून दगड उडाले.

मग असंच होत राहिलं. तो जोरात पुढं जायचा आणि थांबून मागं बघायचा. बाबा जवळ आले की पुन्हा टर्बोवर निसटायचा. एकदा त्याला वाटलं, मागं कुणीतरी हात लावला. तो उतरला आणि चाक, साखळी, बॅटरीचं कुलूप चाचपून पाहिलं. बाबा तेव्हा बरेच खाली होते.

मठाच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा शेवटची काडी लाल होऊन लुकलुकत होती.

दौलत उठून जवळ आला. त्यानं पडद्याकडं पाहिलं.

"झऱ्यापासून इथवर तुझी किती जाते?" बाबांनी त्याला विचारलं.

"एखादी काडी. कधी तीबी न्हाई."

इंद्रजित बाबांच्या कफनीकडं बघत होता. अखेर त्याच्यानं राहवलं नाही.

"तुमच्या हातात काय होतं?"

बाबांनी हात बाहेर काढला आणि बोटं उघडली. काही नव्हतं.

"गारठा होता," बाबा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "टर्बो केव्हा दाबत होतास?"

इंद्रजितनं लुकलुकत्या काडीकडं पाहिलं. "तुम्ही जवळ आलात की."

"आणि दौलत मागं असतो तेव्हा?"

इंद्रजित सायकलीचा ब्रेक दाबत राहिला, सोडत राहिला.

"तो जवळ आला की," तो म्हणाला.

धुकं अंगणात शिरलं होतं. दौलतनं खिशातून सायकलींच्या शेडची किल्ली काढली आणि कट्ट्यावर ठेवली.

"दाजी, सकाळी तुम्ही ताईशी बोललात ते मी ऐकलंय. मी दारातच हुतो. उद्यापास्नं मी येत न्हाई."

"उद्या पाहुणे आहेत."

"तुम्ही न्या की. तुम्हांला सगळं येतं."

इंद्रजितनं बाबांकडं पाहिलं. बाबा टाक्यावर पाय धूत होते. त्यांची पाठ इकडं होती.

"गॅरेजवाल्याशी काय बोलायचास?" इंद्रजितनं विचारलं. आवाज अजून कोरडाच होता.

"तुमच्या बॅटरीत काय बिघाड असंल, ते इचारत हुतो. तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मला शिकवतोस व्हय."

हे इंद्रजित खरोखरच म्हणाला असता. मग त्यानं कट्ट्यावरची किल्ली उचलली आणि दौलतसमोर धरली.

दौलतनं ती घेतली नाही.

"ताईला काय सांगणार?"

"सांगतो... माझी चूक झाली म्हणून."

"माझ्यासमोर सांगा."

अंगणातून धुकं सरकत राहिलं. किल्ली धरलेला हात इंद्रजितनं मागं घेतला नाही.

"सांगतो. तुझ्यासमोर."

दौलतनं किल्ली घेतली. दोघांनी बॅटऱ्या पुन्हा आपापल्या जागी बसवल्या. या वेळी इंद्रजित वाकला नाही. इंद्रजितच्या बॅटरीत काहीच उरलं नव्हतं, दौलतच्या बॅटरीत एक लाल काडी. खाली जायला त्यांना मोटार लागणार नव्हती.

इंद्रजितनं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं.

"मी पुढं निघतो," तो दौलतला म्हणाला. "तू मागून ये."

दौलत हसला नाही. मान मात्र हलवली आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

पायऱ्यांशी सायकलीवर बसून इंद्रजित बाबांकडं वळला.

"बाबा, आता मागं वळून बघणार नाही."

"बघ की," बाबा म्हणाले. "तो पडला तर कोण बघणार?"