ठमी मुंगी आणि पालथी वाटी

ऐका हं! मांडीवर बसा, नाहीतर जमिनीवर लोळा. पण कान इकडे.

एक होती मुंगी. काळी काळी, एवढीश्शी. नाव तिचं ठमी. काळी मुंगी चावत नाही, घाबरू नका. पण बोलायला? अगदी फटाकडी!

एकदा काय झालं, ठमीला सापडली लाही. राजगिऱ्याची लाही. पांढरी पांढरी, हलकी हलकी. ठमीने लाही उचलली आणि निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. घर कुठे? भिंतीतल्या भोकात. तिथे तिची धाकटी बहीण बसली होती. तिला लागली होती भूक.

तेवढ्यात वरून पडली वाटी. ठण्ण! ठण् ठण् ठण्... गप्प.

कुणी पाडली? इरूने! इरू म्हणजे या घरातलं बाळ. दोन दातांचं. इरू होती आबांच्या कडेवर. हातात होती वाटी. इरूने हात उघडला, वाटी गेली खाली. इरू हसली, "ह्ही!"

वाटी पडली ती पालथी. आणि पडली नेमकी लाहीवर! ठमी दचकून पळाली, लाही सुटली. लाही आत, ठमी बाहेर.

"अगं बाई! माझी लाही!" ठमी ओरडली.

ती वाटीभोवती फिरली. दार नाही. परत फिरली. खिडकी नाही.

ठमी म्हणाली, "वाटी, वाटी, सरक ना. माझी लाही सोड ना."

वाटी म्हणाली, "मी पडले पालथी. मला कुठे उठता येतं? चेंडूने दिली धडक, तर सोडेन. नाहीतर नाही सोडणार, जा!"

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चेंडू होता कपाटापाशी. लाल लाल, गोल गोल.

"चेंडू, चेंडू, वाटीला धडक ना!
वाटी सोडत नाही लाहीला,
लाही मिळत नाही मला!"

चेंडू म्हणाला, "मी आपला गोल. कुणी ढकललं तर जातो, नाहीतर बसतो. बोक्याने ढकललं, तर धडकेन. नाहीतर नाही धडकणार, जा!"

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बोका पडला होता उन्हात. पोट वर, पाय वर. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"बोक्या, बोक्या, चेंडूला ढकल ना!
चेंडू धडकत नाही वाटीला,
वाटी सोडत नाही लाहीला,
लाही मिळत नाही मला!"

बोक्याने एक डोळा उघडला. "कोण गं तू? मी उठत नसतो! कुणी शेपटी ओढली, तर उठेन. आणि या घरात माझी शेपटी ओढायची हिंमत आहे कुणाची? फक्त त्या इरूची! इरूने ओढली, तर ढकलेन. नाहीतर नाही ढकलणार, जा!" आणि डोळा मिटला.

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आबांच्या चपलेवर चढली. पायजम्यावर चढली. सदऱ्यावर चढली. इरूच्या कानामागे जाऊन बसली.

"इरू, इरू, शेपटी ओढ ना!
बोका ढकलत नाही चेंडूला,
चेंडू धडकत नाही वाटीला,
वाटी सोडत नाही लाहीला,
लाही मिळत नाही मला!"

इरूने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कोण बोललं? कुणीच दिसेना! ती म्हणाली, "अब्बू-ब्बू! ब्बू!"

तुम्हाला कळलं नाही ना? मुंग्यांना कळतं. इरू म्हणत होती, "शेपटी तिकडे खाली, मी इकडे वर. ओढू कशी? आबांनी सोडलं, तर ओढेन. नाहीतर नाही ओढणार, जा!"

ठमी निघाली. इरूच्या कानावरून आबांच्या कानावर. जवळच होता कान.

आता आबा कोण? इरूचे आजोबा. इरू सकाळी आबांच्या कडेवर, दुपारी आबांच्या मांडीवर, संध्याकाळी आबांच्या खांद्यावर. खाली म्हणून ठेवायचे नाहीत!

"आबा, आबा, इरूला सोडा ना!
इरू ओढत नाही शेपटीला,
बोका ढकलत नाही चेंडूला,
चेंडू धडकत नाही वाटीला,
वाटी सोडत नाही लाहीला,
लाही मिळत नाही मला!"

आबा म्हणाले, "छे छे छे! खाली? काहीतरीच काय! फरशी गार. इरू पडेल. नाक आपटेल. रडेल माझी सोनुली! निमाने सांगितलं, तर बघू. नाहीतर नाही सोडणार, जा!"

निमा म्हणजे आबांची मुलगी. इरूची आत्या. आत्या खूप शिकलेली. तिचं काम काय, माहितीये? बाळं बघणं! बाळ कसं वळतं, कसं बसतं, कसं सरकतं, ते बघत बसायचं. आणि बघून बघून शोधायचं, बाळ शिकतं कसं? आँ, असलं काम असतं? असतं बरं का!

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आत्या कुठे होती? फरशीवर! पोटावर पालथी! एवढी मोठी आत्या, हनुवटी फरशीला टेकून बघत होती. बाळाला खालून काय काय दिसतं, ते बघत होती.

ठमी तिच्या नाकासमोर उभी राहिली.

"आत्या, आत्या, आबांना सांग ना!
आबा सोडत नाहीत इरूला,
इरू ओढत नाही शेपटीला,
बोका ढकलत नाही चेंडूला,
चेंडू धडकत नाही वाटीला,
वाटी सोडत नाही लाहीला,
लाही मिळत नाही मला!"

आत्या हसली. "सांगून कधी ऐकलंय आबांनी?"

"मग तूच उचल ना वाटी!"

"उचलेन की. एका बोटाने उचलेन. पण मग इरूला काय कळेल?"

ठमी चिडली. "माझी लाही अडकलीय, आणि तुला इरूचं पडलंय होय? माझी बहीण उपाशी आहे गं!"

आत्या म्हणाली, "रागावू नकोस, ठमाबाई. इरूला नाही जमलं, तर मीच देईन लाही. शब्द! पण आधी एक कर. तू चाल."

"चालू? मी केव्हाची चालतेय!"

"तू चालतेस कडेकडेने. आता मधोमध चाल. उन्हात चाल. इरूला दिसशील अशी चाल. बाळ उगीच नाही हलत. काहीतरी दिसतं, ते हवंसं वाटतं, मग बाळ हलतं. आणि हललं की शिकतं."

आता काय करायचं? ठमी चालली. मधोमध. पांढऱ्या फरशीवर, पिवळ्या उन्हात, काळी काळी ठमी. तुरुतुरु, तुरुतुरु.

आणि इरूने बघितलं!

"ऊ?" इरू म्हणाली. मान वळली. तुरुतुरु. डोळे वळले. तुरुतुरु. इरूने दोन्ही हात खाली केले. "ऊ! ऊ! ऊ!" इरू कडेवर वळवळली, आबांच्या हातातून सुळसुळली, पाय झाडायला लागली. थाड थाड!

"अगं थांब, अगं पडशील!" आबा म्हणाले. पण इरू थांबते कसली! आबा हळूच वाकले. आणखी वाकले. गुडघे वाजले, कट् कट्. आबांनी इरूला ठेवलं खाली. पोटावर. आणि लगेच हात पुढे केले.

आत्या म्हणाली, "आबा, हात मांडीवर."

"अगं पण..."

"आबा! काही करायचं नाही. नुसतं बघायचं."

आबा बसले. हात मांडीवर.

इरूने तळवे टेकले. जोर लावला. हुं... हुं... आणि सरकली. पण कुठे? मागे! मुंगी पुढे, इरू मागे!

"अगं, ही तर उलटीच चालली!" आबा म्हणाले.

"शूऽऽ," आत्या म्हणाली.

इरूने परत जोर लावला. हुं... हुं... धप्प! नाक टेकलं फरशीला. आबांचे हात उठले. आत्याने बघितलं. आबांचे हात बसले.

इरू रडली? नाही! इरूने मान वर केली. मुंगी आहे का अजून? आहे! मग परत तळवे. परत गुडघे. एवढुशी पोर, पण हटायला तयार नाही. मला तर भारीच कौतुक वाटतं तिचं!

हुं... हुं... एक हात पुढे. एक गुडघा पुढे. दुसरा हात. दुसरा गुडघा.

रांगली! इरू रांगली! रप रप, रप रप!

वाटेत आली शेपटी. मऊ मऊ, लांब लांब. हे काय? इरूने धरली. हे असं केलं तर? इरूने ओढली!

"म्याँऽऽव!" बोका उडाला. पाय लागला चेंडूला.

चेंडू सुटला, गडगड गडगड, आणि धडकला वाटीला.

वाटी उलथली. ठण्ण! ठण् ठण् ठण्... गप्प.

आणि लाही? लाही मोकळी!

"आली गं बाई माझी लाही!" ठमी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु!

पण इरूही धावली. रप रप, रप रप! कोण पोचलं आधी? इरू! तिने एक बोट पुढे केलं, अंगठा पुढे केला आणि चिमटीत उचलली लाही.

"चिमटी! आबा, चिमटी जमली तिला!" आत्या कुजबुजली.

"आऽऽ..." इरूने तोंड उघडलं. दोन दात दिसले.

आता संपलंच की! ठमी इरूच्या समोर जाऊन उभी राहिली. एवढीश्शी ठमी, केवढी मोठी इरू! ठमीने मिशा हलवल्या. "इरू, ती माझी आहे गं. माझ्या बहिणीची आहे."

इरूने लाहीकडे बघितलं. ठमीकडे बघितलं. परत लाहीकडे बघितलं.

आणि हात उघडला. वाटी सोडली होती ना मघाशी? तसाच!

टप!

"ह्ही!" इरू हसली.

ठमीने लाही उचलली आणि निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. मागून इरू. रप रप, रप रप. इरूच्या मागून आत्या, पोटावर. आणि आत्याच्या मागून? आबा! हो, आबा! रांगत रांगत, कट् कट्, कट् कट्!

ठमी भिंतीच्या भोकात शिरली. इरूने भोकाला डोळा लावला. मग बोट दाखवलं. "ऊ!"

आत आवाज आला, कुर्रम कुर्रम. ठमीची बहीण लाही खात होती.

आबांचे डोळे भरून आले. "निमे, मला भीती वाटायची गं. वाटायचं, मी धरलंय म्हणून इरू सुखरूप. आणि हिला बघ, केवढं काय काय येतं!"

आत्या नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी काय केलं, माहितीये? इरूला ठेवलं खाली. शेजारी ठेवली एक लाही. लाहीवर ठेवली वाटी, पालथी. मग भिंतीपाशी वाकले आणि म्हणाले,

"ठमाबाई, ओ ठमाबाई! लाही ठेवलीय. या, आणि मधोमध चाला!"

आणि स्वतः बसले. हात मांडीवर.

ठमीला मिळाली लाही, इरूला मिळाली जमीन. झाली गोष्ट! आता तुम्ही का बसलात माझ्या मांडीवर? चला, उतरा खाली. मी बसते हात मांडीवर ठेवून. ती बघा, तिकडे कोपऱ्यात काय आहे?