अकरा महिन्यांची नक्कल

"मग माणूस समोर बसवून काढायला कधी देणार, मास्तर?"

येसबा मास्तर पॅलेटवरचा सुकलेला रंग सुरीनं खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नक्कल झाली?"

"झाली. केसाचाही फरक नाही."

कोल्हापुरातल्या त्या चित्रशाळेचा नियमच होता. जुन्या तैलचित्राची नक्कल हुबेहूब उतरेपर्यंत जिवंत माणसाला समोर बसवायचं नाही. हेरंब अकरा महिने एका बाईच्या चित्रासमोर बसला होता. चित्र मास्तरांच्या गुरूंनी काढलेलं, साठ वर्षं त्या गुरूंच्या देवघरात टांगलेलं. बाईचा पदर, नथ, कपाळावरची कुंकवाची चिरी, सगळं हेरंबाला तोंडपाठ होतं. स्वतःच्या हातावर त्याचा जरा जास्तच भरवसा होता, आणि तो अगदीच खोटा होता असंही नाही.

पण घाई वेगळ्याच कारणासाठी होती. त्याचे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी महिना सांगितला होता. ते आहेत तोवर त्यांचं चित्र काढायचं, एवढा एकच ध्यास त्यानं घेतला होता. त्यापायी तो सकाळी लवकर निघायचा, दिवेलागणीला परतायचा, आणि उंबऱ्यात थबकून आधी खोकला ऐकू येतो का बघायचा. आला की जिवात जीव यायचा. आज निघताना तो खोकला फार बारीक आला होता.

मास्तर उठले. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले...

"हात चांगला हाय तुझा," ते म्हणाले.

मग त्यांनी कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि जुन्या चित्रातल्या बाईच्या गालावर हळूहळू फिरवू लागले.

हेरंब झटकन पुढे सरसावला. "मास्तर, रंग जाईल..."

बोळा काळापिवळा झाला. गालावर रुपयाएवढी जागा उजळली. गोरी, त्यात किंचित गुलाबी झाक, नुकतंच तोंड धुऊन आल्यासारखी.

हेरंबानं आपल्या चित्राकडे पाहिलं. त्याची बाई कावीळ झाल्यासारखी पिवळी होती. अकरा महिने त्यानं समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर इमानेइतबारे उतरवला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू एकदा तरी इचारलंस, ही बाई एवढी पिवळी कशानं?"

हेरंबानं पुन्हा त्या उजळलेल्या जागेकडे पाहिलं. अकरा महिने वाया गेल्याचं दुःख होतंच, पण भीती त्याहून मोठी होती.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? अण्णा तोवर..."



मास्तरांनी त्याची नक्कल भिंतीकडे तोंड करून ठेवली. "न्हाई. आता घरी जा. अण्णांचं चित्र काढ."

"पण मला येत नाही, मास्तर. आत्ताच बघितलंत की." असं तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला होता.

"म्हणूनच धाडतोय."

हेरंब रंगांच्या नळ्या गोळा करू लागला. "कुठले रंग नेऊ?"

मास्तरांनी त्याच्या हातातल्या नळ्या काढून घेतल्या...

"रंग राहू देत हितंच. कोमट पाणी घे, आन् आधी बापाचं तोंड पूस."