ओहोळबाईंचा प्रश्न

"...मग या दोघांपैकी कोणाला बोलवायचं, महाराज?"

विश्वंभरने दोन संस्थांची माहितीपत्रकं मठाधिपती निरंजनबुवांपुढे ठेवली. शहरातली नोकरी सोडून त्याने या मठाचा कारभार अंगावर घेतला होता. कारभार चोख होता, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नसे.

गेल्या महिन्यात मठाच्या अंगणात गणुबुवा कोसळले. भजनात झांजा वाजवणारा साधा म्हातारा. माणसं धावून येईपर्यंत सगळं संपलं होतं. पुन्हा असं व्हायला नको, मठातल्या प्रत्येकाला सीपीआर आणि प्रथमोपचार आलेच पाहिजेत, असा विश्वंभरनेच हट्ट धरला होता.

"तू तर तिघांकडे चौकशी केली होतीस ना?" निरंजनबुवा म्हणाले.

"हो. पहिल्यांचं नाव मोठं आहे. पडद्यावर दाखवून एका बैठकीत सगळ्या मठाला शिकवतात. दुसऱ्यांचं प्रमाणपत्र सगळीकडे चालतं."

"आणि तिसरे?"

"एक ओहोळबाई आहेत. थोडीच माणसं घेतात. प्रत्येकाकडून रबरी पुतळ्याची छाती दाबून घेतात, आणि काही महिन्यांनी परत येऊन पाहतात, विसरला तर नाहीत ना. त्यांना मी नको म्हणून कळवलं."

"का रे बाबा? एवढं चांगलं शिकवतात तर?"

"नको त्या चौकशा करत बसल्या."

"कसल्या?"

"गणुबुवा पडले तेव्हा सगळ्यांत जवळ कोण होतं, म्हणे."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्ही तुमचं शिकवायचं बघा."

बुवांनी नुसती मान हलवली. विश्वंभरला वाटलं, विषय मिटला.

दुपारी आंघोळ करून, सोवळं नेसून तो स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन निघाला. ताट देवापुढे पोहोचेपर्यंत त्याने कोणाला शिवायचं नाही आणि ताट जमिनीला टेकवायचं नाही, ही मठाची रीत. टेकलं, की सगळा स्वयंपाक पुन्हा, आणि तोवर अख्खा मठ उपाशी. विश्वंभरच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्याचा त्याला अभिमानही होता.

अंगणात बुवा उताणे पडले होते. डोळे मिटलेले.

"महाराज?"

"अरे, कोण आहे रे तिकडे? धावा!"

आवाज फुटला, पण पाय हलेनात. त्या दिवशीही तो असाच ओरडला होता. असाच, ताट सांभाळत. गणुबुवांचे डोळे मात्र उघडे होते, आणि ते त्याच्याकडेच बघत होते. महिनाभर दाबून ठेवलेली लाज उफाळून वर आली.

त्याने ताट जमिनीवर ठेवलं.

गुडघे टेकून त्याने बुवांचे खांदे हलवले. "महाराज! ऐकू येतंय का?" मग दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. पुढे काय करायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तळव्यांखाली छाती संथ वरखाली होत होती.

बुवांनी डोळे उघडले.

स्वयंपाकघरातली माणसं धावत आली. जमिनीवरचं ताट बघून जागच्या जागी थांबली.

विश्वंभरला रडू आवरेना.

"मी होतो, महाराज... सगळ्यांत जवळ मीच होतो."

बुवा उठून बसले, धोतराची धूळ झटकली.

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "ज्यांनी विचारलं, त्यांना सांग."