मायाप्पाची हाक

एका माळावर मायाप्पा नावाचा एक धनगर राहत होता. अंगानं दांडगा, पण आवाजानं बारीक. एकदा जत्रेत त्यानं मेंढरांना हाक घातली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आरं, ही हाक धनगराची का सासुरवाशिणीची?" चारजण हसले. हसून विसरले. मायाप्पा विसरला नाही.

तेव्हापासून कुणी जवळ असलं की तो हाक घालीना. मेंढरं काठीनं वळवी. माळावर एकटा असला म्हणजे मात्र मोकळ्या गळ्यानं हाक घाली, आणि मेंढरं धावत येत.

एके दिवशी लांडगा आला. तीन धनगरांचे कळप बिथरले आणि एकमेकांत मिसळले. अशा वेळी त्या माळावर एकच रिवाज होता. प्रत्येकानं वेगळ्या टेकाडावर उभं राहून हाक घालायची. ज्याच्या हाकेला येईल त्याचं मेंढरू. दिवस मावळेपर्यंत जे कुणाकडंच आलं नाही, ते देवाला सोडायचं.

म्हाताऱ्या म्हाकूतात्यांनी हाक घातली. त्यांची मेंढरं निघाली. दुसऱ्या धनगरानं घातली. त्याचीही निघाली. मायाप्पाला वाटलं, सगळा माळ आपल्या तोंडाकडं बघतोय. त्यानं छाती फुगवली आणि जाड, घोगरा आवाज काढला. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

सूर्य डोंगराला टेकला. मायाप्पाची बायको बनाबाई खालून ओरडली, "अवो, मेंढरं चालली देवाला! तुमची हाक घाला, दुसऱ्याची नगं!"

मायाप्पानं डोळे मिटले आणि आपल्या बारीक आवाजात हाक घातली. पायांना लोकर घासली तेव्हा डोळे उघडले. सगळी मेंढरं भोवती उभी होती.

तो बिचकतच म्हाकूतात्यांकडं गेला. "तात्या, माझी हाक लई बारीक लागली का?"

"कुणाला ठावं!" तात्या खेकसले. "माझी लंगडी मेंढी घावंना. तुझी हाक ऐकाया कान मोकळा होता व्हय?"

मायाप्पाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो तिथंच खो खो हसला आणि तात्यांची मेंढी शोधायला निघाला.

तात्पर्य: सगळे आपल्याकडंच बघतात हा आपला भ्रम; जो तो आपल्या कामात असतो. त्या भ्रमापायी जो आपला आवाज बदलतो, त्याला त्याची मेंढरंसुद्धा ओळखत नाहीत.