मिठागरातल्या भेगा

समुद्र आजच्याहून थोडा लांब होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या काठी मिठागरांचं एक गाव होतं आणि दूर डोंगरावर राजाचं नगर होतं.

गावाला एक वाईट खोड होती. उजाडायच्या आत जो तो आपला बांध शेजाऱ्याच्या वाफ्यात बोटभर सरकवी. एका विधवेचा वाफा असा आक्रसत अंगणाएवढा उरला होता. संधी मिळाली की तीही बांध परत ढकली. तिचं सारं लक्ष त्या बांधावरच असे.

राजाने कितीदा निरोप धाडले, की वर या, सगळ्यांसाठी घरं राखली आहेत. पण घोड्यावरचा माणूस दिसला की गाव दारं लावून घेई. खाऱ्या पाण्यात कधी न उतरलेल्यांचं काय ऐकायचं, असं ती विधवाही म्हणे.

एका वर्षी एक तरुण पायी आला आणि तिच्याकडे काम मागू लागला. त्याचे पाय बघून बायका हसल्या.

"अगं, हे पाय आहेत की लोण्याचे गोळे?"

तोही हसला आणि वाफ्यात उतरला.

आठवड्याभरात त्याच्या टाचा फुटल्या. संध्याकाळी ती त्याच्या भेगांना खोबरेल लावी आणि तो तिला डोंगरावरच्या घराबद्दल सांगे. तिथला झरा सगळ्यांना पुरतो, म्हणून तिथे कुणी बांधच घालत नाही.

हंगाम सरताना त्याने सांगितलं, की तो राजाचा मुलगा आहे.

"मग पालखीतून का नाही आलास, बाळा?"

"पालखी बघून तू दार लावलं असतंस, मावशी. आता बाबांकडे जातो. तुझी खोली तयार ठेवतो. न्यायला मीच येईन."

तो गेला. वर्षं गेली. खोबरेलाची वाटी हातात घेतली की तिला त्या संध्याकाळी आठवत. काम करता करता ती मान वर करून डोंगराकडे बघत राही. राजवाड्यात हिच्या चुलीला जागा आहे का, असं बायका एकमेकींना विचारत.

मग एका अमावास्येला समुद्राला उधाण आलं. पाणी शेजाऱ्याच्या मिठाच्या ढिगाला टेकलं. विधवेने आपला बांध फोडला, तर ते तिच्या खोल वाफ्यात उतरणार होतं. पण त्या वाफ्यात नुकतंच मीठ धरलं होतं आणि तिचं वर्षभराचं पोट त्याच्यावर होतं. शेजाऱ्याला मागायला तोंड नव्हतं.

तिने एकदा डोंगराकडे पाहिलं. मग कुदळ उचलली आणि आपला बांध फोडला.

"वहिनी, तुमचं मीठ..." शेजारी पुटपुटला.

"माझं घर वर आहे, भाऊजी. इथे बोटभर जागेसाठी किती दिवस भांडू?"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने सरकवलेला बांध मागे नेला आणि अर्धा ढीग तिच्या दारात आणून ओतला. हळूहळू गावातले बाकीचे बांधही मागे गेले.

पुढे ती थकली, तेव्हा राजाचा मुलगा खरंच आला आणि तिला हाताला धरून वर घेऊन गेला. नगराच्या उंबऱ्याशी ती थबकली. असले फुटके पाय या स्वच्छ फरशीवर कसे ठेवायचे?

त्याने जोडे काढले. त्याच्या टाचांना त्याच भेगा होत्या. इतक्या वर्षांत त्याने त्या बुजू दिल्या नव्हत्या.

ती आत गेली.

जो आपल्यासाठी खाली उतरला, त्याच्या घराची ओढ लागली, की खालच्या मातीवरची आपली मूठ सैल होते.